भैरवगढच्या खुराड्याची कैफियत

मित्रांनो, उज्जैनच्या भैरवगढ भागात एका घराच्या मागे, पेरूच्या झाडाखाली जे जुने खुराडे दिसते ते मी. आज माझ्यात कोंबड्या नाहीत. फुटकी मडकी आहेत आणि सायकलची एक गंजलेली रिम. लोक म्हणतात, या खुराड्यात मुंगूस शिरले होते. ते खरे नाही. खरे काय ते मला ठाऊक आहे, पण मला आजवर कोणी विचारले नाही.

उज्जैनच्या एका कपडा मिलला टाळे लागले, त्या साली माझा जन्म झाला. नव्वदीची सुरुवात होती. श्रीधरराव त्या मिलमध्ये मागावर होते. नोकरी गेल्यावर ते दिवसभर ओसरीवर बसून राहत. शेवटी त्यांच्या पत्नी, वासंतीबाई, म्हणाल्या, "अहो, कोंबड्या पाळू. देवास गेटचा आमलेटवाला रोज अंडी घ्यायला तयार आहे."

"नदीकडून कोल्हे येतात, मुंगसं आहेत. पक्कं खुराडं बांधायला पैसा कुठून आणायचा?"

तेव्हा गोपाळ पुढे आला. तोही मिलमधलाच, श्रीधररावांचा जिवाभावाचा मित्र. "वहिनी, तुम्ही फिकर करू नका," तो म्हणाला. "मंडीत धान्याचे चाळणे कबाडात पडलेत. त्यांची जाली बारीक असते. मुंगसाचं नाकसुद्धा जाणार नाही."

दोघांनी मिळून मला घडवले. कापड छापणाऱ्या छपाईवाल्याने टाकून दिलेल्या मेजाच्या फळ्यांचे माझे दार झाले. त्यावर लाल-काळ्या रंगाचे डाग अजून आहेत. पडक्या भिंतीच्या विटा माझ्या पायाला लागल्या. श्रीधररावांनी भोवती हातभर खोल चर खणला, जाळी त्यात उतरवली आणि तळाशी बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे उकरणाऱ्या जनावराला खालीही जाळीच लागावी. काम संपल्यावर त्यांनी मला दोन्ही हातांनी हलवून पाहिले. मी हलले नाही. कित्येक दिवसांनी ते त्या दिवशी हसले.

मित्रांनो, मी माझे काम चोख केले. कोल्हा आला, उकरून थकला, निघून गेला. मुंगूस तर भरदुपारी यायचे, माझ्याभोवती फिरायचे आणि आतल्या कोंबड्यांकडे बघत बसायचे. एकही कोंबडी मी गमावली नाही. शेजारच्या अक्का कुंपणापाशी येऊन म्हणायच्या, "वासंती, मलाही असंच बांधून दे हं." घरचा किराणा, मुलीच्या शाळेची फी, सगळे त्या अंड्यांवर चालले होते. मला फार अभिमान वाटे.

मग श्रीधररावांच्या भाचीचे लग्न निघाले. सगळे देवासला गेले. दाणा-पाणी गोपाळवर सोपवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपाळ दोन टोपल्या घेऊन आला. त्याने माझे दार उघडले. कोंबड्या त्याला ओळखत होत्या. त्या दाण्याच्या आशेने आपणहून त्याच्याजवळ गेल्या. त्याने एकेकीला उचलून टोपलीत घातले, वर पोते बांधले. मग खिशातून पक्कड काढून माझी जाळी खालून कापली, दोन विटा ओढल्या आणि मूठभर पिसे इकडेतिकडे टाकली. जाताना थोडा वेळ तो माझ्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याच हाताने त्याने तो पत्रा ठोकला होता.

घरचे परतले. वासंतीबाई माझ्यापुढे बसून पिसे गोळा करू लागल्या. श्रीधररावांनी वाकून जाळीची टोके चाचपली. ती सरळ कापलेली होती, नवी चकाकत होती. ज्याचा जन्म यंत्रांत गेला त्याला एवढे कळणार नाही का? त्यांनी मान वळवून गोपाळच्या घराकडे पाहिले. मला वाटले, आता हे बोलतील.

वासंतीबाई पाणी प्यायला आत गेल्या. श्रीधररावांनी दगड उचलला आणि ती टोके ठेचून वाकडी केली. त्या बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मुंगूसच. जाली कच्ची निघाली."

ज्याने मला रचले त्यानेच हे म्हटले.

महिन्याभराने वासंतीबाई मला झाडत असताना विटेमागे एक सरळ कापलेली तार त्यांच्या बोटाला लागली. ती ठेचायची राहून गेली होती. त्यांनी श्रीधररावांना हाक मारली.

"मुंगूस पक्कड घेऊन आलं होतं का?"

श्रीधररावांनी ती तार बोटांत धरून पाहिली. मग म्हणाले, "गोपाळच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती."

"मग मागायचं होतं. मी नाही म्हटलं असतं? आणि तुम्ही? तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"तो माझा यार आहे, वासंती. मोहल्ल्यात तोंड दाखवू शकला नसता."

वासंतीबाईंनी पुन्हा कोंबड्या आणल्या नाहीत. त्यांनी ब्लाऊज शिवायला घेतले. गोपाळ अजून चहाला येतो. त्या कप ठेवतात आणि आत जातात.

एकदा अक्का विचारायला आल्या. "खुराडं तसंच बांधावं म्हणते. पण यात मुंगूस शिरलं ना गं?"

मी वासंतीबाईंकडे पाहत होते. एक वाक्य पुरे होते.

"हो," त्या म्हणाल्या. "शिरलं."

अक्कांनी बाजारातून तयार खुराडे आणले. दिसायला सुरेख, पण जाळी जमिनीवरच संपलेली. आठवड्याच्या आत मुंगसाने खालून उकरून सगळ्या कोंबड्या मारल्या. अक्का अंगणात उभ्या राहून रडत होत्या. वासंतीबाईंनी कुंपणावरून ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि खाली मान घालून घरात निघून गेल्या.

मित्रांनो, जनावरांना मी दोष देत नाही. ती भुकेने येतात आणि समोरून येतात. तुमच्या घरातल्या मुक्या वस्तूंना तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका. पण तेवढ्याने भागत नाही. माणसाची चूक त्यांच्या नावावर टाकू नका. त्यांना उलटून बोलता येत नाही.