मालक दुपारी येतात

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला धनगरांची चार-पाच घरं आहेत. त्यातल्या सगुणाबाईंचे मालक चिमाजी वारून दोन पावसाळे झाले होते. आणि माघापासून ते पुन्हा घरी यायला लागले होते.

हे आरतीला सांगितलं शेजारच्या कमळाबाईंनी. आरती भोरच्या एका धर्मादाय दवाखान्यातली नर्स. वस्त्यांवर फिरून पेशंट बघायची.

"दुपार झाली की सगुणा दाराकडं बघून बोलत बसती. घामानं निथळत असती नुसती. भगताला दावलं, लिंबू उतरलं. काय बी फरक न्हाई."

आरती गेली तेव्हा सगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगडं भिजलेलं, हात थरथरत होते.

"आत या की. ऊन लागंल," त्या रिकाम्या दाराला म्हणत होत्या. इतक्या सहज, की आरतीनं मागं वळून पाहिलं.

"बाजूला हो गं पोरी. त्येंच्या वाटंत हुबी ऱ्हायलीस."

आरती खरंच बाजूला झाली. मग तिनं स्वतःला सावरलं आणि सगुणाबाईंच्या बोटाला सुई टोचली. रक्तातली साखर अगदी तळाला गेली होती. ती डबे धुंडाळू लागली. एकात मीठ होतं. दुसऱ्याच्या बुडाला नाचणीचं पीठ चिकटलेलं. बाकीचे रिकामे. कमळाबाईंनी धावत गूळ आणला, तो पाण्यात कालवून पाजला.

हळूहळू सगुणाबाईंची नजर निवळली. त्यांनी दाराकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"ग्येलं."

"मावशी, सकाळी काय खाल्लं?"

"साखरंची गोळी घेतली की. चुकवत न्हाई म्या."

"आणि जेवण?"

"कोरा च्या."

मुलगा गोरख मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता. रेशनच्या मशीनवर सगुणाबाईंचा अंगठा उठत नव्हता, म्हणून धान्य बंद. हे त्यांनी दवाखान्यात कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर शेफालीनं आरतीकडून सगळं ऐकलं आणि सगुणाबाईंचा कागद पुढं ओढला. मग म्हणाली, "उपाशी बाईला साखर उतरवायची गोळी देत होतो आपण."

तिनं गोळी अर्धी केली. त्याच आठवड्यापासून ती येईल त्या पेशंटला आधी घरात काय शिजलं ते विचारू लागली. उत्तर अडखळलं, की औषधाबरोबर नाचणी, डाळ, शेंगदाण्यांची पिशवी मिळायची. जवळच्या उत्रोली गावातल्या बायका त्या पिशव्या भरून देत. दवाखान्यातला एक माणूस तहसीलला खेटे घालून सगुणाबाईंचं रेशनही चालू करून आला.

पुढच्या फेरीला सगुणाबाईंच्या अंगात जरा ताकद आली होती.

"मालक येतात का अजून?"

"न्हाई." त्यांनी चुलीतली राख सारखी केली. "भाकरी खाल्ली की येत न्हाईत ते."

त्यानंतर आरती पुन्हा वर गेली, तर सगुणाबाई जमिनीवर कलंडलेल्या. अंग गार, घामानं चिंब. पिठाचा डबा भरलेला होता, पण चूल थंड होती. बाजूला जुन्या, अख्ख्या गोळ्यांचं पाकीट पडलं होतं. आरतीनं त्यांच्या ओठांच्या आत गूळ चोळला, कमळाबाईंना हाका मारल्या. बऱ्याच वेळानं सगुणाबाईंनी डोळे उघडले.

"असं का केलंत, मावशी? जीव गेला असता!"

"लई दिस झालं हुतं," सगुणाबाई म्हणाल्या. "एकदा मालकास्नी बघावं वाटलं. आज त्ये उंबऱ्याच्या आत आलं. म्हनलं, चल."

कमळाबाईंनी तोंडाला पदर लावला. आरतीनं ते पाकीट उचलून पिशवीत टाकलं.

"घरात दाणं हायती गं," सगुणाबाई पुटपुटल्या. "पर एकलीला घास उतरत न्हाई."

मग कमळाबाई उठल्या आणि घरी जाऊन आपली भाकरी, कालवण घेऊन आल्या. तिथंच बसून त्यांनी भाकरी मोडली, अर्धी सगुणाबाईंच्या हातात दिली.

तेव्हापासून दुपारी कमळाबाई तिथंच जेवतात. सगुणाबाईंची साखर आता ठीक असते, वजनही भरलं आहे. कधीतरी मात्र घास हातात धरून त्या थांबतात, कान देऊन काहीतरी ऐकतात. कमळाबाई काही विचारत नाहीत. त्यांच्या मनगटाला हात लावून एवढंच म्हणतात, "खा, सगुणा."

मग त्या खातात.