गार हातांचा बाप

समाधानचे हात जन्माचे गार. मखमलाबादच्या मळ्यात उन्हाळ्यात बहिणी त्याचा पंजा ओढून गालाला लावायच्या. आई, कलाबाई, हसून म्हणायची, "माठाचं पोर हाय माझं." लग्नात हातात हात आला तेव्हा मनीषाही दचकली होती. आणि आता त्याची लेक दिवस भरायच्या आधीच आलेली, ओंजळीत मावेल एवढी, स्वतःची ऊब स्वतःला न पुरणारी. तिला हात लावायचा धीर त्याला होईना.

दवाखान्यात रोज मनीषाच तिला ऊब द्यायला उराशी घेऊन बसे. आज टाके ठणकत होते.

"आज तू घे," ती म्हणाली.

"मी? अगं, माझे हात... आणि कामही अडलंय."

काम खरंच अडलं होतं. निफाडची द्राक्षं कोल्ड स्टोरेजमध्ये किती वेगानं गार होतील, ते त्याला कॉम्प्युटरवर दाखवायचं होतं. द्राक्षांच्या पेटीतली हवा आणि द्राक्षाचा प्रत्येक मणी त्यानं पडद्यावर वेड्यावाकड्या, चार बाजूंच्या बारीक तुकड्यांत विणला होता. त्रिमितीतली जाळीच ती. पण गारवा मण्याच्या सालीपर्यंत यायचा आणि उंबऱ्यावरच थांबायचा. आत मणी तसाच, उन्हातून तोडून आणल्यासारखा.

तो लॅपटॉप घेऊन दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसला. ललितचा फोन आला. दोघं एकाच ऑफिसातले, हे काम दोघांच्याही कॉम्प्युटरवर.

"काय रे, अजून निवत नाहीत? द्राक्षं आहेत का गोट्या?"

"सगळं करून पाहिलं. जाळीतले चपटे तुकडे काढले, वेळेचे टप्पे बारीक केले. एकटा मणी घेतला, साल गार ठेवली, तर मस्त निवतो. एकटी हवाही ठीक वागते. दोघं एकत्र आले की संपलं."

"म्हणजे भांडण दोघांच्या मधे आहे. आमच्या घरासारखं," ललित हसला. "शोध."

तेवढ्यात सिस्टर दारात उभी राहिली. "बाळाचे बाबा, तो डबा मिटा आता. आत या."

पळवाट उरली नाही. हात धुऊन, शर्ट काढून तो खुर्चीत टेकला.

"बनियन कुणी काढायची? कातडीला कातडी लागली पाहिजे."

"सिस्टर, माझे हात फार गार असतात."

"छाती पण गार असते का? मग डॉक्टरांनाच बोलावते."

काचेच्या पेटीतून लेक आली आणि त्याच्या छातीवर निजली, पारिजातकाचं फूल अंगणात पडावं इतक्या हलक्यानं. वरून मऊ चादर आली. समाधाननं हात मात्र हवेतच धरून ठेवले. आधी ती गारशी लागली. मग हळूहळू कळेनासं झालं, कुठं आपण संपतो आणि कुठं ती सुरू होते. सिस्टरनं थर्मामीटरनं लेकीच्या अंगाची ऊब मोजली, मान डोलावली. "चढतोय हं पारा. घेतेय तुमच्यातलं."

घेतेय. मधे काही नाही, म्हणून घेतेय.

आणि त्याला आपली जाळी दिसली. मण्याची वेगळी विणलेली, हवेची वेगळी विणलेली. सालीवर दोघींच्या गाठी अगदी एकावर एक बसलेल्या, म्हणून पडद्यावर एकच वाटायच्या. पण त्या एकमेकींना बांधायचंच राहून गेलं होतं. नुसत्या टेकलेल्या होत्या.

मनीषा व्हीलचेअरवरून त्याच्या शेजारी आली होती. "ललितला सांग," तो कुजबुजला, "सालीवरच्या गाठी एक कर म्हणावं."

"कसल्या गाठी? आत्ता?"

"सांग ना."

तिनं निरोप धाडला. लेक झोपली. बऱ्याच वेळानं मनीषाचा फोन थरथरला. तिनं वाचून दाखवलं, "'निवाली रे द्राक्षं! पार आतपर्यंत!'"

समाधाननं ऐकलं की नाही, कोण जाणे. तो लेकीच्या टाळूकडे बघत होता.

"हात का असे वर धरलेस?" मनीषा म्हणाली.

"दचकेल ती."

मनीषानं त्याचा पंजा हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला, आणि हळूच लेकीच्या इवल्या पाठीवर ठेवला. लेक दचकली नाही. एक उसासा टाकून आणखी आत शिरली.

"गार नाहीत रे आज," मनीषा म्हणाली.