बाटली आडवी ठेव रे!

मी एक जुना कॉर्कस्क्रू आहे, मित्रांनो. बाटलीच्या तोंडात घट्ट बसलेलं बूच फिरवून ओढून काढणारा मळसूत्री काटा. तुमच्यातल्या लहानांना अशा बाटल्यांशी काही देणंघेणं नाही, ठाऊक आहे मला. तरी बसा जरा. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला आता राहवत नाही.

मला मामांनी घडवलं. मामा कारखान्यात लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, काम करायचे. एका मोडक्या यंत्राची सळई तापवून त्यांनी माझे वेढे वळले आणि दाराच्या जुन्या मुठीतून माझा दांडा काढला. दांडा जरा वाकडाच बसला. "वाकडा असला म्हणून काय झालं? बूच सरळ काढतो की नाही बघ," असं म्हणत त्यांनी मला भाच्याच्या हातात ठेवलं. भाच्याने नुकतंच चष्म्यांचं दुकान थाटलं होतं आणि त्याला वाइनचं नवंनवं वेड लागलं होतं.

काय दिवस होते ते! रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्रावर वर्तमानपत्र अंथरलं, की झालं टेबल. वरच्या मजल्यावरची शिंपीण यायची, पोस्टमन यायचा. ग्लास तीनच, त्यामुळे उरलेल्यांना चहाचे कप. भाचा मोठ्या हौसेने सांगायचा, ही द्राक्षं डोंगरउतारावरची, हिला जरा वारा लागू द्या. शिंपीण एकदा म्हणाली, "मला तर ओल्या कापडाचा वास येतोय बाई." भाचा टाळी देत ओरडला, "अगदी बरोबर! पुस्तकात ओली माती म्हणतात, पण तुमचं ओलं कापडच खरं!" मामांना मात्र असलं काही सुचायचं नाही. ते प्रत्येक नव्या बाटलीच्या वेळी एकच विचारायचे, "आवडली का?"

त्याच वर्षी मामा-भाच्यांनी मिळून एक भारी बाटली आणली. मामा लेथवरचं काम कायमचं सोडतील, त्या दिवशी ती उघडायची असं ठरलं. "आणि ह्या वाकड्यानेच उघडायची बरं का, भाचेबुवा," मामा म्हणाले. मित्रांनो, मी त्या दिवसाची किती वाट पाहिली म्हणून सांगू!

पुढे भाचा शिकला. शिकला ते चांगलंच झालं, पण शिकता शिकता त्याचं नाक वर गेलं. जाणकारांच्या मंडळात गेला, परीक्षा दिली, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. पातळ काचेचे ग्लास आले, दोन पंखांचा एक चकचकीत कॉर्कस्क्रू आला. शिंपीण पुन्हा काहीतरी वासाचं बोलली, तर हा कपाळाला आठी घालून म्हणाला, "असं म्हणत नाहीत." ती बिचारी पुढच्या रविवारी आलीच नाही. पोस्टमनने ग्लास पोटाशी धरला, म्हणून ह्याने तो सगळ्यांदेखत काढून घेतला आणि दांडीला धरून दाखवला. मग तोही येईनासा झाला.

मला त्याने टाकलं नाही. काचेचं कपाट केलं, आत दिवा लावला आणि मला खिळ्याला टांगलं. मंडळातले लोक माझं तोंड भरून कौतुक करायचे, "वा, हातघडणीची वस्तू!" बूच मात्र एकही वाट्याला आलं नाही. माझ्याशेजारी त्याने मामांबरोबरची ती बाटली ठेवली. उभी! लेबल समोर, दिव्याखाली, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावं म्हणून.

बूच ओलं राहायला हवं, म्हणून असली बाटली आडवी ठेवतात. उभी राहिली की बूच सुकतं, आक्रसतं, हवा आत शिरते आणि वाइन आंबते. भाच्याला हे माहीत नव्हतं का? अहो, परीक्षेत लिहून आला होता! बाकीच्या सगळ्या बाटल्या आडव्याच होत्या. ही मंडळाच्या बैठकीपुरती उभी केली आणि मग तशीच राहिली. आडवी ठेव रे! आडवी ठेव! मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात ओरडत राहिलो. काट्याला तोंड नसतं, मित्रांनो.

मामांनी लेथ सोडला त्या दिवशी ते नवा शर्ट घालून, अत्तर लावून आले. सोबत कारखान्यातले दोघे होते. भाच्याने हवेत हुंगलं. "आज नको मामा. ह्या अत्तरात वाइनचं काहीच कळणार नाही. आणि अजून ती पिकलीही नाहीये."

मामा कसंनुसं हसले. "बरं बाबा. तू जाणकार." जाताना त्यांनी काचेबाहेरून माझ्याकडे बोट दाखवलं आणि निघून गेले. त्यानंतर ते दुकानाची पायरी चढले नाहीत.

एका दुपारी भाच्याची बायको इस्पितळात आजारी मामांना भेटून आली. "मामा विचारत होते, आमची बाटली पिकली का म्हणून."

"अजून तीन वर्षं तरी लागतील," हा सवयीने बोलून गेला.

"डॉक्टर तीन आठवडेसुद्धा म्हणत नाहीयेत."

भाच्याने कपाट उघडलं. हात आधी चकचकीत कॉर्कस्क्रूकडे गेला, तिथून परत आला आणि त्याने मला खिळ्यावरून काढलं.

इस्पितळाच्या खाटेशी मी इतक्या वर्षांनी बुचात शिरलो. बूच कसलं, भुसा झाला होता. तुकडे तुकडे करत मी तो बाहेर काढला आणि आंबट वास सुटला.

"औषधांनी माझं नाक गेलंय रे," मामा म्हणाले. "मला काही कळणार नाही. तू सांग. आवडली का?"

ज्याने मंडळात एकेका घोटावर अर्धा अर्धा तास बोलून दाखवलं, त्याने आज रंग पाहिला नाही की वास घेतला नाही. मी त्याच्या मुठीत होतो. औषधाच्या कपात ओतलेली ती आंबलेली वाइन त्याने एका दमात संपवली.

"आवडली, मामा. खूप आवडली."

"मग रडतोस कशाला?"

"फार वेळ लावला मी."

मामांनी उरलेल्यातला ओठांपुरता घोट घेतला आणि माझ्या दांड्यावरून अंगठा फिरवला. "वाकडा आहे, पण काढलं ना बूच?" नवव्या दिवशी मामा गेले.

आता मी भाच्याच्या खिशात असतो. गेल्या रविवारी तो नवी बाटली घेऊन शिंपिणीच्या दारात उभा राहिला. "मला त्यातलं काही कळत नाही हो," ती दार न सोडता म्हणाली. "मलाही नाही कळलं," तो म्हणाला. "ओल्या कापडाचा वास येतो का, तेवढं सांगा." तिने दार सोडलं आणि कप आणायला आत गेली.

मित्रांनो, तुम्हाला कशाचंही वेड लागो, गाण्याचं, झाडांचं, पुस्तकांचं; खूप शिका, पण समोरच्याला आधी विचारा, आवडलं का? आणि ज्याच्यासाठी काही राखून ठेवलंय, त्याच्यासोबत ते वेळेत उघडा, हात जोडतो. कपाटातली ती बाटली भाच्याने आता आडवी ठेवली आहे. रिकामी आहे ती.