हातातल्या बांगड्या

ठाकूर गजसिंहावर सुमित्रेचा काडीचाही विश्वास नव्हता, आणि तो बसावा असं त्यानं काही केलंही नव्हतं.

चिमीला तो जीपमधून घेऊन गेला, त्याला अख्खा हिवाळा उलटला होता. चिमी म्हणजे बिबट्याचं पिल्लू. सुमित्रेचे यजमान श्रीपाद जयपूरला जनावरांचे डॉक्टर. कुणीतरी हे आईवेगळं पिल्लू दवाखान्यात आणून टाकलं आणि बनी पार्कातल्या क्वार्टरात सुमित्रेनं ते बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पण बिबट्या काय, मांजर काय, वाढायचं ते वाढतंच. शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाल्यावर आमेरपलीकडच्या डोंगरात ठाकुरानं राखलेल्या रानात तिला धाडायचं ठरलं.

"होली तक मिलने मत आइए," एवढंच ठाकूर बोलला होता. का, ते सांगितलं नाही. वर निघताना म्हणाला, "बाईसा, आपकी चूड़ियाँ चाहिए. जो हाथ में हैं, वही."

साताऱ्याकडची सवाष्ण परक्या पुरुषाला हातातला चुडा उतरवून देईल, हे त्याच्या डोक्यात आलं तरी कसं? सुमित्रा मुकाट्यानं आत गेली आणि डब्यातल्या कोऱ्या हिरव्या बांगड्या रुमालात बांधून आणून दिल्या. पुरुषाला बांगड्यांतलं काय कळतंय, असं म्हणून तिनं तो विषय मनातून काढून टाकला. श्रीपादांनाही तिनं हे सांगितलं नाही.

नंतर शेजारच्या विनयेनं आगीत तेल ओतलं. तिचे यजमान बँकेत, त्यामुळे गावातल्या बातम्या तिच्याकडे आधी यायच्या. ठाकूर म्हणे पूर्वीचा नावाजलेला शिकारी. एकसष्ट साल ते. शिकारीचे परवाने सहज मिळत. "परदेशी पाहुणे येतात म्हणे त्याच्याकडे. माणसाळलेलं जनावर समोर सोडलं की नेम चुकायची भीती नाही," विनया म्हणाली. त्या दिवसापासून सुमित्रा होळीचे दिवस मोजू लागली.

होळी झाली आणि पहिल्याच रविवारी ती नवऱ्याला घेऊन तिथं थडकली. ठाकुराच्या बैठकीत भिंतीवर वाघाचं मुंडकं होतं. खुंटीला बंदूक होती.

"अहो, बघितलीत?" ती कुजबुजली.

"अगं, रानात राहणारा माणूस आहे. बंदूक नाही तर काय वीणा टांगेल?" श्रीपाद म्हणाले. पण त्यांचाही चेहरा उतरलाच होता.

मागच्या पडवीत तिला तिच्या बांगड्या दिसल्या. काठीला ओवून टांगलेल्या. शेजारी ठोकून चेपलेला पत्र्याचा डबा, आणि फटाक्यांची माळ. आता मात्र तिचा तोल सुटला.

"माझ्या लेकराला फटाके लावून छळता तुम्ही?"

मराठी त्याला येत नव्हतं, पण फटाके आणि राग दोन्ही कळले. "हाँ," तो शांतपणे म्हणाला. "रोज."

मग त्यानं तिला दगडी गडग्यापाशी नेलं. खालच्या उतारावर गावातल्या बायका गवत कापत होत्या. विळा चालेल तशा त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या चांदीच्या कड्यांवर आपटून किणकिणत होत्या. सुमित्रेला सगळं एकदम कळलं. चिमीच्या लेखी बांगड्या वाजल्या म्हणजे जेवण आलं. ती त्या बायकांकडे धावणार, आणि गाव तिला काठ्यांनी ठेचणार. म्हणून हा माणूस बांगड्या वाजवून डबा बडवत होता, फटाके फोडत होता.

"अब नहीं आती," ठाकूर म्हणाला. "आप आज़मा लीजिए. नहीं आई, तो कल फाटक खोल दूँगा. आई, तो उम्रभर पिंजरा."

कुंपणाच्या जाळीपलीकडे उंच गवत होतं. सुमित्रेनं हात पुढं केला. मनगटावरच्या जुन्या बांगड्या सोन्याच्या पाटलीवर आपटून वाजल्या, रोज थाळीपाशी वाजायच्या तशाच.

गवत फाकलं. चिमी धावत आली, जाळीला गाल घासत गुरगुरू लागली. सुमित्रेचे डोळे भरून आले. किती मोठी झाली होती ती. क्षणभर तिला नुसता आनंद झाला.

ठाकूर पडवीतून बांगड्यांची काठी घेऊन आला. त्यानं ती हलवून दाखवली, तशी चिमी दचकून मागं सरली. सुमित्रेनं हात हलवला, ती पुन्हा आली. ठाकूर कधी काठीकडे, कधी सुमित्रेच्या मनगटाकडे बघत राहिला. "ये वो नहीं थीं," तो हळूच म्हणाला.

सुमित्रेनं मान खाली घातली. हिवाळाभर त्यानं जे केलं, ते तिच्या डब्यातल्या कोऱ्या काचेनं पाण्यात घालवलं होतं. संशय तिनं त्याचा घेतला, आणि फसवलं होतं तिनंच.

पाटली आणि बांगड्या तिनं तिथंच उतरवल्या. ठाकुराच्या हातात देता देता ती थांबली, आणि पुन्हा हातात चढवल्या.

"नको," ती म्हणाली. "मीच करते. डबा द्या."

त्यानंतर दर रविवारी ती येत राहिली. एका हातानं बांगड्या वाजवायची, दुसऱ्यानं डबा बडवायची. पहिल्यांदा चिमी पळाली नाही, नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ते बघणं सुमित्रेला घरी आल्यावरही सोसवेना.

वैशाखातल्या एका सकाळी तिनं हात हलवला. डबा खालीच ठेवला होता. गवतात दूर दोन कान दिसले, आणि उलट्या दिशेनं नाहीसे झाले.

"अब बचेगी," ठाकूर म्हणाला, आणि फाटकाकडे गेला.

श्रीपाद जीपपाशी थांबले होते. सुमित्रेनं कुणी बघत नाहीसं पाहून पुन्हा एकदा हात हलवला. गवत हललं नाही.