बिजागरीचे तेल

मी एक जुने लाकडी कपाट आहे. मित्रांनो, कपाट म्हटले की तुम्हाला कपडे आणि डांबराच्या गोळ्या आठवतील. माझ्या पोटात त्याही आहेत. पण मी जेवढा सॅक्सोफोन ऐकला आहे, तेवढा एखाद्या नाट्यगृहानेही ऐकला नसेल. तो ऐकून मी जे केले, त्याची मात्र मला आजही लाज वाटते.

मला घडवणाऱ्या सुताराचा हात चांगला होता, पण त्याला घाई फार. त्यामुळे माझ्या डाव्या दाराची बिजागरी जन्मापासून कुरकुरते. नुकतेच लग्न झालेले एक जोडपे मला बघायला आले, तेव्हा "हे दार बोलतं," असे हसत सांगून त्याने मला त्यांच्या गळ्यात मारले. ती जॅझ गायची आणि तो सॅक्सोफोन वाजवायचा. बोलणारे दार त्यांना आवडले.

त्यांच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहत. दुपारी त्यांचा डोळा लागायला आणि याचा रियाज सुरू व्हायला एकच गाठ पडे. मग खालून छतावर झाडूचा दांडा आपटू लागे. एकदा ती वैतागून म्हणाली, "अरे, कपाटात तोंड घालून वाजव की. माझे कोट नुसते लटकून काय करतायत?"

ती थट्टेने म्हणाली, पण त्याने खरेच तसे केले. माझी दारे उघडली, सॅक्सोफोनचे तोंड तिच्या लोकरीच्या कोटांत खुपसले आणि वाजवू लागला. कोटांनी सगळा आवाज पिऊन टाकला. आजोबा खाली खुशाल घोरत राहिले आणि त्या दिवसापासून माझी कॉलर ताठ झाली.

संध्याकाळी दोघे एका हॉटेलच्या जेवणघरात कार्यक्रम करत. निघण्यापूर्वी ती माझ्या आरशासमोर कानात डूल घालत उभी राही. तो तिला एक सूर देई आणि ती तो उचलून गाऊ लागे. गाणे कोणत्या उंचीवरून सुरू करायचे, त्याला गाणारे लोक पट्टी म्हणतात. आपली पट्टी कोणती, हे तिने त्याला कधी विचारले नाही. सूर त्याने द्यायचा आणि गाणे तिने उचलायचे, असेच त्यांचे लग्नापासून चालले होते.

अशी पुष्कळ वर्षे गेली. एका हिवाळ्यात तिला खोकल्याने धरले. खोकला गेला, पण जाताना वरचे सूर घेऊन गेला. शेवटच्या ओळीला तिच्या मानेची शीर ताठ होऊ लागली. त्याने ते पाहिले.

ती दुपारी शिकवणीला गेली की तो मला उघडून तीच गाणी खालच्या पट्टीत घोटू लागला. पट्टी बदलली की बोटांच्या साऱ्या जुन्या सवयी मोडाव्या लागतात. ती आत स्वयंपाकघरात असतानाही दार न कुरकुरता उघडून कोटांत हळूच चार वेळा गाणे घोटता यावे, म्हणून एके दिवशी त्याने शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि माझ्या बिजागरीत तेल सोडले.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत कोणी माझी दुखरी जागा विचारली नव्हती. मी खुळ्यासारखे खूश झाले आणि गप्प झाले.

पुढच्या कार्यक्रमाआधी त्याने तिला अर्धी पट्टी खालचा सूर दिला. गाणे अलगद वर गेले. ती म्हणाली, "बघ, औषध लागू पडलं." तो म्हणाला, "हो ना." मग जिना उतरावा तसा तो तिला हळूहळू खाली आणत गेला.

घरी कोणी आले की ती अभिमानाने सांगे, "माझी पट्टी लग्नात होती तीच आहे." अशा वेळी तो भरलेल्या कपात पुन्हा चहा ओतायला जाई. ज्याने कधी स्वतःचा रुमाल घडी केला नव्हता, तो तिच्या कपड्यांना इस्त्री करून माझ्यात लावू लागला. कोट सारता सारता पुटपुटे, "आज सांगतो." दुसऱ्या दिवशी म्हणे, "आज खुशीत आहे, कशाला." तिसऱ्या दिवशी, "आज दमली आहे." सांगण्याजोगा दिवस काही उजाडला नाही. अपराध त्याच्या तोंडावर दिसत होता आणि तो ठेवायला जागा मी देत होते.

मग तिला एका मोठ्या वाद्यवृंदाचे बोलावणे आले. संचालकाने फोनवर पट्टी विचारली. "माझी जुनीच," ती म्हणाली आणि लग्नातली पट्टी सांगून मोकळी झाली. तो तेव्हा माझ्यासमोरच उभा होता. त्याने नीट लावलेला कोट काढला आणि पुन्हा तिथेच लावला. तालमीच्या दिवशी दाढ दुखते म्हणून तो घरी राहिला आणि सॅक्सोफोन मांडीवर घेऊन, न वाजवता, माझ्या उघड्या दारांसमोर बसून होता.

ती लवकर परतली. चपलाही न काढता तिने विचारले, "किती खाली आणलंस मला?"

"दोन पट्ट्या."

"सगळ्यांसमोर आवाज फाटला माझा. ती कालची पोरं खाली बघत होती. सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आणि आज काय बरं वाटलं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलो मी. तुझ्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही. या कपाटाला रोज सांगत होतो."

"कपाटाशी लग्न केलं होतंस का?"

ती बराच वेळ पलंगावर बसून रडली. मग म्हणाली, "घे तो सॅक्सोफोन. कपाटात नको, इकडे तोंड करून वाजव. जुनी पट्टी दे." त्याने दिली आणि तिचा आवाज फाटला. "अर्धी खाली." पुन्हा फाटला. एकेक पायरी ती स्वतः सूर मागत उतरत गेली. शेवटी आवाज जिथे न फाटता लागला, ती त्याने गुपचूप दिलेलीच पट्टी निघाली.

"बरोबर जागी ठेवलं होतंस," ती म्हणाली, "त्याचाच जास्त राग येतोय."

तिने लगेच संचालकाला फोन करून नवी पट्टी कळवली. कार्यक्रम त्याच पट्टीत झाला. आता तो सूर देतो तेव्हा ती डूल घालता घालता विचारते, "कोणती?" आणि त्याला नाव घेऊन सांगावे लागते. ती रोज विचारते आणि तो रोज खाली बघून सांगतो.

आता माझ्यात कोणी वाजवत नाही. खालचे आजोबाही राहिले नाहीत. ते सूर मला फार आठवतात, पण तक्रार करायला मला तोंड नाही. दार बोलते म्हणून मला आणले आणि बोलायच्या वेळी मी गप्प राहिले. परवा तेल वाळून बिजागरी पुन्हा कुरकुरली. तो सवयीने कुपी घेऊन आला, तर तिने त्याचा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली, "कुरकुरू दे त्याला."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या कपाटाला वाळवीपासून जपा, अधूनमधून ऊन दाखवा, पॉलिश करा. तेवढे बिजागरीला मात्र तेल घालू नका.