रोज जाता येईल असं हॉटेल

"आता यांना जे आवडेल ते खाऊ द्या," असं डॉक्टर म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. माझ्या बायकोबद्दल, शालिनीबद्दल, ते तसं म्हणाले आणि आम्ही दोघं दवाखान्यातून गाडीने मिसरोदला घरी निघालो. वाटेत तीच म्हणाली, एवढी परवानगी मिळालीच आहे तर जरा बाहेर जेवत जाऊ.

माझी सगळी नोकरी पिपलानीच्या कारखान्यात गेली. भोपाळात जन्म काढला, पण बाहेर जेवलो ते नागपूरचा पाहुणा आला तरच. हॉटेलांतलं मला काडीचं कळत नव्हतं. तरी इंजिनिअर माणूस, हात धुऊन मागे लागलो. हिला आवडेल असं काहीतरी सापडलंच पाहिजे, एवढंच डोक्यात. मोबाइलवर लोकांची मतं वाचली. एक लिहितो, अशी डाळ जगात नाही. त्याच्याच खाली दुसरा लिहितो, डाळीत केस निघाला. बंगळूरहून आमची लेक केतकी रोज नवी नावं पाठवायची, ती वेगळीच.

पहिल्यांदा तलावाकाठच्या हॉटेलात नेलं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, खिडकीतून पाणी दिसतंय. शालिनीने दोन घास खाल्ले आणि वेटरला विचारलं की एकट्या माणसाला हाफ प्लेट मिळते का. मग एम. पी. नगरातल्या एका चकचकीत ठिकाणी गेलो, तर तिथल्या टाय लावलेल्या पोराला हिचा प्रश्न, डाळ रोज अशीच तिखट असते का. मला ओशाळल्यासारखं झालं. चिडून म्हटलं, बाई, तुला काय खावंसं वाटतंय ते सांग ना. ती नुसती हसली.

जवाहर चौकातल्या भोजनालयात तर ती टेबलाकडे न जाता सरळ गल्ल्यावर गेली. रविवारी चालू असतं का, एकटा माणूस आला तर बसू देता की टेबल भरेपर्यंत ताटकळत ठेवता, तेल कुठलं वापरता, अशी सगळी चौकशी केली. स्वयंपाकघरात डोकावून कणीकही बघून आली. जेवली मात्र चिमणीएवढं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, हे काय चाललंय तुझं?

"तुमच्यासाठी बघतेय," ती म्हणाली. "माझं दोन घासांत भागतं. तुम्हाला पुढे रोज जेवायचंय."

मी म्हटलं, बाई ठेवीन स्वयंपाकाला. त्यावर तिचं उत्तर तयार होतं: आठ दिवसांत भांडून काढून टाकाल. डबा लावलात तर तो संध्याकाळपर्यंत तसाच पडलेला असेल. केतकीकडे जाऊन राहायचा तुमचा स्वभाव नाही. सगळं खरंच होतं. भात शिजला की नाही हे मला अजून कळत नाही. राग कुणावर काढावा सुचेना, म्हणून समोरच्या रिक्षावाल्यावर उगाच हॉर्न वाजवत राहिलो.

त्या दिवसापासून मला एकही हॉटेल पसंत पडेना. इथली पोळी कच्ची, तिथल्या पाण्याला वास, अमक्या ठिकाणी पंखा खडखडतो, तमक्या ठिकाणी एसीने घसा धरतो. जागा सापडली की हिचं काम संपणार, आणि काम संपलं की ही थांबणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं. वेडेपणा होता, कळत होता. लाजही वाटत होती, कारण प्रत्येक खेपेला ती साडी नेसून, कठडा धरून तीन जिने उतरायची. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. परत येताना ती दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसायची आणि मी शेजारी पिशवी धरून उभा राहायचो. तरी पुढच्या खेपेला मी पुन्हा खोट काढायचोच.

मग घराजवळच, होशंगाबाद रोडच्या आतल्या बाजूला, एका नवरा-बायकोने चालवलेल्या लहानशा हॉटेलात गेलो. चार-पाच टेबलं, स्टीलची ताटं, मालकीण स्वतः वाढत होती. पातळ फुलके, बिनतडक्याची डाळ, वांग्याची भाजी. पहिल्याच घासाला मला कळलं की जेवण चांगलं आहे. दुसरा घास घ्यायचा सोडून मी ताटात खोट शोधू लागलो.

शालिनीने आपल्या ताटाला हात लावला नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कसं आहे, तिने विचारलं. मी म्हटलं, डाळीत मीठ कमी आहे.

तिने माझ्या वाटीतली डाळ चमचाभर चाखली. चमचा खाली ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "मला आता जिना चढवत नाही. हे चांगलं आहे म्हणा ना."

मी मिठाची बाटली पुढे ओढली. तेवढ्यात मालकीण गरम फुलका घेऊन आली आणि विचारू लागली, अंकलजी, सब ठीक है ना?

"चांगलं आहे," मी म्हणालो. तिला नाही, शालिनीला.

शालिनीने डोळे मिटून घेतले. मग मालकिणीचा हात धरून तिला जवळ बसवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अब से ये आएँगे, अकेले. इनको पूछ-पूछ के परोसना, बेटा. ये खुद माँगते नहीं हैं."