बघायला येणारे

पट्टी पुन्हा सोडलेली होती. श्यामरावांच्या घोट्यावरच्या जखमेत कौमुदीने परवा भरलेला औषधाचा जेल कुणीतरी पुसून काढला होता, आणि त्या जागी पिवळीधमक हळद सुकून तडकली होती. कौमुदीने औषधांची पिशवी पलंगावर आदळली.

“काकाजी, कोणं सोडली पट्टी?”

“खालची अंजनाबाई आली होती पाहाले. म्हणे पू झाला, गिचगिच दिसून राहिलं. तिनंच पुसून हळद भरली.”

“थो पू नाही, औषध होय! जखम ओली राहिली तवाच आतून कातडं धरते. किती डाव सांगू?”

“मंग ती एवढा जिना चढून आली, तिले काय पट्टी दाखवू?”

कौमुदीने कपाळावर हात मारला. नर्स म्हणून घरोघर जाऊन ड्रेसिंग करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, पण असा पेशंट पाहिला नव्हता. साखरेचा आजार, जखम पावसाळ्यापासून उघडी. आता चिघळली तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. आणि हा माणूस येईल त्याच्यापुढे पट्टी सोडून बसणार. आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे जखम डोळ्यांनी पाहायची, चुकचुकायचं आणि उठताना एक उपाय सांगायचा, ही इथली रीतच. रायपूरची राजधानी झाली, लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या, ही रीत काही हलली नाही.

ती हळद धूत होती तेवढ्यात भनपुरीहून सायकल मारत भैय्यालाल आला. रेल्वेच्या वर्कशॉपमधला श्यामरावांचा जुना सोबती.

“दिखा तो श्याम, कितना भरा?”

श्यामरावांनी लगेच पाय पुढे केला. कौमुदीचा तोल सुटला.

“दाखवा, दाखवा! उद्या पाय कापला का थोबी दाखवा लोकाइले!”

भैय्यालाल चहासुद्धा न घेता उठला. श्यामरावांनी पाय मागे घेतला.

“माही शांता गेली तवापासून या घरात कोणी फिरकलं नव्हतं,” ते म्हणाले. “पोरगा विशाल सिलतऱ्याच्या फॅक्टरीतून येते, जेवते, झोपते. हे झालं अन् लोकं येऊन राहिले.”

कौमुदीला वाईट वाटलं, पण राग गेला नाही. आता लोकांचाही राग आला.

पुढच्या खेपेला तिने सदर बाजारातल्या औषधांच्या दुकानातून त्याच जेलची पारदर्शक चकती आणली आणि जखमेवर चिकटवली. आतलं सगळं दिसत होतं.

“घ्या, काच लावून देली. पाहू द्या साऱ्या रायपूरले. पण सोडली तं मी येणार नाही.”

त्यानंतर श्यामरावच पहारेकरी झाले. “दुरून पाहा, दुरून! आतमधी ओलं पाहिजे,” असं ते अंजनाबाईंना बजावत, जणू हा शोध त्यांचाच. सांगून सांगून घसा बसलेली कौमुदी दात-ओठ खात ऐकून घेई.

थंडी सरता सरता जखम भरत आली. चकतीखाली पाहण्यासारखं काही उरेना, तसे बघणारेही ओसरले. शेवटी कौमुदीने चकती काढली. खाली गुलाबी, कोवळं कातडं होतं.

“झालं काकाजी. आता पट्टी नाही. तुमी सुटले अन् मीबी सुटली.”

श्यामरावांना आनंद झालेला दिसला नाही. समोर आणखी एक खुर्ची मांडून ठेवलेली होती.

“एक साधी पट्टी बांधून देशीन?”

“काहून? आता काय आहे तिथं?”

“भैय्यालाल येतो म्हणे आज. बिनपट्टीचा पाय दिसला तं दारातूनच परत जाईन.”

कौमुदीच्या तोंडाशी चांगली खरमरीत शिवी आली होती. ती तिने गिळली, पिशवीतून पट्टी काढली आणि बऱ्या झालेल्या घोट्याभोवती नेहमीसारखी नीट गुंडाळली.

“अन् कोणापुढं सोडू नका,” ती फणकाऱ्याने म्हणाली.

“नाही सोडत,” श्यामराव म्हणाले, आणि दारातून दिसेल असा पाय त्यांनी स्टुलावर ठेवला.